कूस

रात्री पावणेतीनला मी कूस बदलायचं ठरवते.
ठरवावं लागतं.
आधी दोन्ही गुडघे एकमेकांना लावायचे,
मधली उशी न सोडता,
मग खांदा, मग पोट, दोन्ही हातांनी उचलून,
आणि सगळ्यात शेवटी ते हाड
पुढचं, अगदी खालचं, मधोमधचं,
जे जुन्या कडीसारखं रोज थोडं थोडं निखळतंय.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे काढून दाखवलं होतं.
हा सांधा. हा सैल झालाय. बाळाला वाट हवी
म्हणून शरीर आधीच बिजागऱ्यांना तेल घालून ठेवतं, म्हणाल्या.
मला ते आवडलं. फक्त
दोन महिने आधीपासून दार कोण उघडं ठेवतं,
तेही मुंबईत?

पाय जोडलेले ठेवा, असंही म्हणाल्या,
रिक्षातून उतरताना, पलंगावरून उठताना.
सलवार बसून घाला. एका पायावर उभ्या राहू नका.
मला हसू आलं.
बारा वर्षांची झाल्यापासून आई हेच सांगत होती,
पाय जोडून बस.
कारण वेगळं होतं.

वडाळा डेपोत, कॅशच्या खिडकीत माझी ड्यूटी.
कंडक्टर येतात, पिशवी उलटी करतात,
मी नाण्यांच्या चवडी रचते, दहा-दहाच्या.
पूर्वी सुट्ट्यांची भरलेली पिशवी कंबरेवर घेऊन
तिजोरीपर्यंत जायचे, ओढणीसुद्धा न ढळता.
आता पेडामकर उचलतो. बोलत नाही फारसं.
एकदाच म्हणाला, माझी बायको रडायची हो रात्रीची,
मला वाटायचं नाटक करते.
त्यानंतर त्याची मोजणी चुकली,
तीनदा.

सासूबाई ट्रॉम्ब्याच्या. त्यांचं म्हणणं,
आमच्या वेळेला कंबर दुखायला वेळ कुठं होता?
काल भांडी घासता घासता मी ओटा धरून
नुसती उभी राहिले, दात आवळून, नळ तसाच सुरू.
त्या उठल्या. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं आणलं,
मागून कुल्ल्यांवरून घेतलं, पुढे पोटाच्या खाली आणलं,
गुडघा टेकवून असं आवळलं
की मी आई गं म्हणाले.
होडी अशीच बांधतात, म्हणाल्या. गाठ मारली.
मग हात तिथंच राहिला त्यांचा,
माकडहाडाच्या जरा वर, डावीकडे.
मी त्यांना जागा सांगितली नव्हती.

येत्या रविवारी ओटी भरायची आहे माझी.
खण, नारळ, तांदूळ, पाच सवाष्णी, हिरव्या बांगड्या,
सगळ्याची यादी झाली.
पाटावर बसायचं आहे.
पाटावरून उठायचं कसं, हे यादीत नाही.

तर, पावणेतीन.
अर्धी वळलेय. इथं थांबावं लागतं,
कळ मांडीतून उतरून जाईपर्यंत.
श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही.
एवढ्यात आतलं कुणीतरी टाच मारतं, सरकतं,
आणि वळतेय ती मी, की माझी कूस,
तेवढा वेळ तरी कळत नाही.

खाली चटईवर हरेश्वर जागा होतो.
काय झालं?
काही नाही. डावीकडे येतेय.
आलीस?
अजून नाही.
तो थांबतो. आमच्या खोलीत पंख्याचा आवाज फार मोठा आहे.
आलीस?
आले.

पावणेपाचला पाणी येतं.
मी पाय खाली सोडायच्या आधीच तो उठतो,
पाइप पिंपात घालतो आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून
पुन्हा झोपतो, मान भिंतीला टेकवून.
पिंप भरत आलं की आवाज बारीक होतो,
हे मला झोपेतही ऐकू येतं, त्याला नाही.
बंद कर, मी पलंगावरून ओरडते,
फडकं घट्ट, गुडघे जोडलेले,
अरे बंद कर, वाहून चाललंय.